कुंकू लावलेली टेप

लोक नवीन कम्प्युटर घेतात तेव्हा खुशीत असतात. अशा वेळी कोणीतरी एकाला घाबरून राहावं लागतं, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत ते काम पुष्कळ वर्षं माझ्याकडे होतं. दुकानाच्या पाटीवर ‘सर्व्हर दुरुस्ती व बॅकअप’ असं लिहिलं होतं. गिऱ्हाईकं मला सरळ ‘बॅकअपवाली बाई’ म्हणायची. माझा नवरा म्हणायचा, तुला दिवसाढवळ्या भुतं दिसतात. दिसायचीच. कोणाच्याही ऑफिसात पाय ठेवला की इथं आग लागली तर, छत गळलं तर, रात्रीतून कोणी हे उचलून नेलं तर, असं माझ्या डोक्यात सुरू व्हायचं. आता दुकान मुलगी चालवते. माझी सवय मात्र गेलेली नाही.

ज्यांचा या कामाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सर्व्हर म्हणजे ऑफिसातला तो मोठा कम्प्युटर, ज्यात सगळ्यांचं काम एकत्र साठतं. तो कधीतरी मरतोच. म्हणून त्यातल्या मजकुराची नक्कल दुसरीकडे ठेवायची, तिला बॅकअप म्हणतात. आमच्याकडे धानाचं बियाणं वेगळ्या ढोलीत, म्हणजे कणगीत, राखून ठेवतात, तसंच हे. भांडण असतं ते ढोली कोणती घ्यायची यावर.

एक प्रकार म्हणजे बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. साबणाच्या वडीहून जरा मोठी, वायर लावली की चालू, कोणत्याही कम्प्युटरवर वाचता येते. पण तिच्या आत चकती गरगर फिरत असते, आणि फिरत असताना पडली तर संपली. दुसरा प्रकार टेप. तळहातावर मावेल असा डबा आणि आत गुंडाळलेली लांबच लांब फीत. ती वाचायला वेगळं मशीन लागतं, त्याला ड्राइव्ह म्हणतात. टेप मंद असते. तिच्यातलं एखादं पान हवं असेल तर तिथपर्यंत फीत फिरायची वाट बघत बसावं लागतं. पण कपाटात ठेवली की ती मुकाट पडून राहते, कोणता व्हायरस तिच्यापर्यंत पोचत नाही. डिस्क घ्या म्हटलं की गिऱ्हाईकाला मी आवडायचे. टेप घ्या म्हटलं की त्याला वाटायचं, बाईला काळाचं भान राहिलेलं नाही. सिरोंच्याच्या एका मासळीच्या व्यापाऱ्याने तर टेपचा डबा कानाजवळ हलवून, “गाने भी आते क्या इसमें, अम्मा?” असं विचारलं होतं.

घुग्घुसला एका ट्रकवाल्याच्या ऑफिसात मी डिस्क दिली आणि बजावलं की ही सर्व्हरजवळ ठेवायची नाही, घरी न्यायची. पुढच्या खेपेला गेले तर डिस्क सर्व्हरच्याच डोक्यावर, वर बोटभर कोळशाची धूळ. मालक म्हणाला, “घरी काऊन नेऊ, बाई? घरी पोट्टे हात लावतेत. इथी मी सोता बसून राह्यतो.” सर्व्हर जळाला तर दोन्ही एकदमच जातील, हे मी त्याला सांगितलं. त्यावर तो हसला आणि म्हणाला, “तुमी चाय घ्या.” बहुतेक ठिकाणी माझ्या बोलण्याचा शेवट चहावर व्हायचा.

पण मला सांगायचं आहे ते गडचिरोलीच्या आतल्या भागातल्या एका धर्मादाय दवाखान्याचं. नाव घेत नाही. दवाखाना चांगला, माणसं त्याहून चांगली. सिकलसेलचे रोगी तिथं फार येतात. हा रक्ताचा आजार आहे, आईबापांकडून येतो, आणि पुष्कळांना पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं. कोणाला कधी रक्त दिलं, काय सोसलं, काय सोसलं नाही, हे सगळं तिथल्या सर्व्हरमध्ये होतं. हे कळलं त्या दिवसापासून त्या सर्व्हरची मला इतर सगळ्या सर्व्हरांपेक्षा जास्त भीती वाटायला लागली.

टेप की डिस्क, यावर तिथल्या मंडळींची मोठी बैठक झाली. त्यांना डिस्क हवी होती. मी म्हटलं, दोन्ही ठेवा. पुण्याच्या एका ओळखीच्या ऑफिसने जुना टेप ड्राइव्ह देणगी म्हणून दिला, त्यामुळे माझं ऐकलं गेलं. डिस्क रोजच्यासाठी. टेपा दोन, आळीपाळीने भरायच्या. भरलेली टेप दवाखान्यात ठेवायची नाही, ती मारोतीभाऊ आपल्या गावी घरी नेतील.

मारोतीभाऊ तिथले रेकॉर्ड सांभाळणारे. गोंड समाजातले, पन्नाशीचे, अंगाने बारीक, कामात चोख. त्यांना टेपचं महत्त्व पटावं म्हणून मी म्हटलं होतं, “भाऊ, या डब्यात दवाखान्याचा जीव आहे.” त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. मला बरं वाटलं. घुग्घुसच्या अनुभवानंतर कोणीतरी माझं ऐकत होतं. टेपा ते पत्र्याच्या पेटीत, धुतलेल्या धोतरात गुंडाळून ठेवत. मी पाहून आले होते आणि मुलीला म्हटलंही होतं की या एका ठिकाणची काळजी मिटली.

दसऱ्याला आम्ही दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. त्याही वर्षी गेलो होतो. सकाळी गर्दीतून नुकतीच बाहेर पडत होते तेव्हा फोन वाजला. मारोतीभाऊ होते. एवढा शांत माणूस, पण आवाज फाटला होता.

“बाई, सर्व्हरमधून धूर निंगून राह्यला.”

“लाइट बंद करा आधी!”

“केली. वायर ओढून फेकली.”

“बरं. डिस्क कुठं आहे?”

पलीकडे कोणीतरी खिडक्या उघडत होतं.

“भाऊ, डिस्क?”

“पडली, बाई. वायरीसंगं खाली पडली.”

“चालू होती?”

“होती.”

मी तिथंच रस्त्याच्या कडेला खाली बसले. नवऱ्याला वाटलं ऊन लागलं. मग मला आठवलं की आपल्याजवळ टेपा आहेत, आणि जिवात जीव आला. “टेपा घरी आहेत ना?” मी विचारलं.

“नाई जी. दोनी इथीच हायेत. पूजेले आनल्या होत्या.”

दसऱ्याला आपल्याकडे अवजारांची पूजा होते. शेतकरी नांगर-विळा मांडतो, ड्रायव्हर गाडी धुतो. मारोतीभाऊंचं अवजार हेच होतं. त्यांनी टेबलावर सर्व्हर फुलांनी सजवला, त्याच्यावर डिस्क ठेवली. तिचा निळा दिवा लागलेला दिसावा म्हणून तिला चालूच ठेवली. ज्यात दवाखान्याचा जीव आहे ते डबे घरी पेटीत ठेवून बाकीच्यांची पूजा करणं त्यांना बरोबर वाटेना, म्हणून दोन्ही टेपा आणल्या. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. बाहेर पायरीवर नारळ फोडला आणि त्याचं पाणी हाताने सगळ्यांवर शिंपडलं. सर्व्हरच्या वरच्या जाळीतून ते आत गेलं. ज्या भीतींची यादी मी आयुष्यभर डोक्यात वागवली तिच्यात नारळाचं पाणी नव्हतं.

मी म्हटलं, कशाला हात लावू नका, उद्या येते. तेव्हा फोन डॉक्टर अनुराधांनी घेतला. या तिथं नव्याने आलेल्या, पुण्याकडच्या. आधीचे डॉक्टर परदेशी गेले होते. त्या म्हणाल्या, “ताई, उद्या नाही. आज. माझ्याकडे मैनी नावाची पेशंट आहे. सिकलसेल, पोटुशी, रक्त फार कमी झालंय. तिला रक्त द्यावंच लागेल.”

“मग द्या ना, डॉक्टर.”

“तिच्या नावापुढे कम्प्युटरवर लाल खूण होती, असं आमच्या लॅबवाल्यांना आठवतंय. कशाची होती ते आठवत नाही. तिला पूर्वी काहीतरी सोसलं नव्हतं. आज तपासलं तर रक्त जुळतंय. पण अशा पेशंटमध्ये जुळलेलं दिसतं आणि तरी आत जाऊन घात करतं. जुन्या डॉक्टरांना फोन लागत नाही. तिचं कार्ड घरी वाळवीने खाल्लं. मी दिवस मावळेपर्यंत थांबू शकते. त्यापुढे नाही थांबता येणार, मग जे आहे ते चढवावं लागेल.”

मी पांढऱ्या साडीत तशीच गाडीत बसले. नवरा गाडी चालवत होता आणि मी त्याला सारखी घाई करत होते. आरमोरीच्या पुढे रस्त्याला जंगल लागतं. त्या आठवड्यात तिथं वाघाने गुराखी नेला होता, म्हणून फॉरेस्टवाले गाड्या थांबवून एकत्र सोडत होते. एरवी मी काचा वर करून जीव मुठीत धरून बसले असते. त्या दिवशी मी खाली उतरून गार्डशी भांडले. त्याने आमची गाडी पुढे काढून दिली.

दवाखान्यात पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. व्हरांड्यातल्या बाकावर एक तरणा माणूस बसला होता. दंडाच्या खोबणीत कापूस, हातात चहा आणि बिस्किटाचा पुडा. तो मैनीचा नवरा, दलसू. एटापल्लीच्याही पलीकडच्या गावचा. घरात माडिया बोलणारा, मराठी अडखळत बोलायचा. बायकोला आपलं रक्त जुळलं याचा त्याला इतका आनंद होता की येणाऱ्या-जाणाऱ्याला दंड दाखवून सांगत होता. मलाही म्हणाला, “मायंच रक्त हाय. चढवून राह्यले का आता?”

“चढवतील हं,” म्हणून मी आत गेले.

सर्व्हरच्या खोलीत अजून उदबत्तीचा वास होता आणि त्यात जळक्या प्लॅस्टिकचा मिसळलेला. मारोतीभाऊ कोपऱ्यात उभे. त्यांनी नमस्कार केला नाही. मी डिस्क दुसऱ्या कम्प्युटरला लावली. आतून टक, टक, टक असा आवाज आला. काढून ठेवली. सर्व्हरच्या आतल्या डिस्का धड असतील, पण त्यांना जोडणारा भाग जळाला होता. तसाच भाग नागपूरहून मिळाला तर मजकूर वाचता आला असता, पण सणाच्या सुट्टीत तो कोण देणार होतं? उरल्या टेपा.

एक टेप गेल्याच आठवड्यात भरलेली. तिच्या तोंडाला छोटं सरकतं दार असतं, तिथून मशीन फीत ओढून घेतं. भाऊंनी ओलं हळद-कुंकू नेमकं त्या दाराशी लावलं होतं. दुसरी टेप महिन्याभरापूर्वीची. तिच्यावर कुंकू कोरडंच पडलं होतं, पण फटीत लाल रेघ दिसत होती.

“पुसून टाकू का?” नवऱ्याने विचारलं. मी त्याच्यावर ओरडले. पुसलं असतं तर कुंकू आत गेलं असतं.

भीती कशाची होती ते सांगते. ड्राइव्ह एकच होता. फितीवरचं अक्षर वाचणारा त्याचा भाग फार नाजूक असतो. त्याच्यावर कुंकवाचा कण बसला तर ती टेप वाचता येणार नाही, आणि नंतर दुसरीही येणार नाही. म्हणजे पहिली कोणती घालायची हे एकदाच ठरवायचं होतं. डॉक्टरांना विचारलं, मैनीला आधी कधी त्रास झाला होता? त्या म्हणाल्या, मागच्या बाळंतपणात, ते बाळ राहिलं नाही. म्हणजे नोंद जुनी होती, महिन्याभरापूर्वीच्या टेपवर असणारच. मी जुनी टेप उचलली.

ती तोंड खाली करून धरली. माझ्या पिशवीत कॅमेऱ्याची काच साफ करायचा रबरी फुगा असतो. त्याने हळूहळू हवा मारली. मऊ कुंचल्याने कडा झाडल्या. कुंकू माझ्या साडीवर पडत होतं. कुंचला फटीवरून घसरायला लागला. मारोतीभाऊ पुढे झाले आणि त्यांनी माझं मनगट खालून धरून ठेवलं.

जळलेल्या सर्व्हरमधून टेप ड्राइव्ह जोडायचं कार्ड काढलं, कोरडं करून ऑफिसच्या साध्या कम्प्युटरमध्ये बसवलं. त्याने ड्राइव्ह ओळखला. मग टेप ड्राइव्हच्या तोंडात ठेवली. ड्राइव्हने ती आत ओढून घेतली. त्यानंतर आपल्या हातात काही राहत नाही.

आतून फीत फिरल्याचा आवाज यायला लागला. मी डोळे मिटून ऐकत होते. चांगली टेप एकसारखी घुमते. ही थोडी जायची, अडायची, मागे यायची, पुन्हा तिथूनच वाचायची. पुन्हा अडायची. दारात नर्स येऊन विचारून गेली. थोड्या वेळाने पुन्हा आली. तेवढ्यात ड्राइव्हवरचा पिवळा दिवा लागला. तो लागला की मशीन म्हणतं, मला साफ करा. साफ करायचं तर टेप बाहेर काढावी लागते, आणि अडखळणारी टेप बाहेर काढताना फीत आत अडकली तर सगळंच संपतं.

“काय झालं?” डॉक्टरांनी विचारलं.

“ते घाण झालंय म्हणतंय.”

“मग?”

“चालू देते. थांबवायची मला हिंमत नाही.”

खिडकीबाहेर सागाच्या झाडांवरचं ऊन शेंड्यापर्यंत गेलं होतं. डॉक्टरांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग दारातल्या नर्सला म्हणाल्या, “पिशवी लावून ठेवा. मी आल्याशिवाय सोडू नका.” मारोतीभाऊ भिंतीला टेकून खाली बसले. “बाई, ते पोट्टी मेली तं मी का करू?” ते म्हणाले. माझ्याही मनात तेच चाललं होतं.

आणि पडद्यावर नोंदींची फाईल पूर्ण उतरल्याचं आलं. स्कॅन केलेले कागद अजून बाकी होते, पण मला एवढीच फाईल हवी होती. भाऊंनी उठून मैनीचं नाव टाइप केलं. त्यांची बोटं चुकली, पुन्हा टाइप केलं. पान उघडलं. वर लाल खूण होती. तिच्याखाली जुन्या डॉक्टरांनी लिहिलं होतं: पतीचे रक्त देऊ नये.

डॉक्टर अनुराधांनी ते एकदा मोठ्याने वाचलं आणि खुर्ची लोटून धावत सुटल्या. खाली कारण होतं. आधीच्या बाळातून आलेल्या, नवऱ्याकडच्या रक्तातल्या एका गुणाविरुद्ध तिचं शरीर उठलं होतं. तपासणीत ते दर वेळी दिसेलच असं नाही, पण तेच रक्त आत गेलं की जागं होतं. त्याखाली, मागच्या वेळी कोणाचं रक्त चाललं ते होतं. दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर, जवळच्याच गावचा. तो सणासाठी घरी गेला होता.

मी व्हरांड्यात आले तेव्हा वॉर्डाच्या दारातून नर्स बाहेर पडत होती. हातात रक्ताने भरलेली पिशवी. नळी जोडलेली होती, फक्त कळ उघडायची राहिली होती. दलसू बाकावरून उठून उभा राहिला. त्याने पिशवीवरचं नाव वाचलं नसेल, पण त्याला कळलं.

“मायं हाय ना ते? वापस काऊन नेऊन राह्यले?”

सगळे धावपळीत होते. त्याला उत्तर द्यायला मीच होते. मी म्हटलं, “भाऊ, तुमचं रक्त चांगलं आहे. तिच्या अंगाला ते चालत नाही. ड्रायव्हरचं चालतं.”

“मायं खराब हाय?”

“नाही हो. खराब नाही. ते दुसऱ्या कोणाला लागेल.”

तो दंडावरच्या कापसाकडे बघत राहिला. मग त्याने बिस्किटाचा पुडा बाकावर ठेवला. “मंग तिले मी काय देऊ?” त्याने विचारलं. ड्रायव्हरला आणायला आमचीच गाडी निघाली होती. माझा नवरा गाडी सुरू करत होता. दलसू पळत गेला आणि त्याच्या शेजारी चढून बसला.

ड्रायव्हर जेवणावरून उठून आला. त्याचं रक्त तपासलं, जुळलं आणि चढलं. मैनीला त्या रात्री काही त्रास झाला नाही. पुढे तिला मुलगा झाला, असं मारोतीभाऊंनी फोनवर सांगितलं. त्यांनी नोकरी सोडायचं म्हटलं होतं. डॉक्टरांनी सोडू दिलं नाही. सर्व्हरच्या आतल्या डिस्का सण झाल्यावर नागपूरला वाचवून घेतल्या, त्यातून बाकीचंही मिळालं.

पण एक गोष्ट मी तिथं कोणाला सांगितली नाही, भाऊंना तर नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी राहिलेले कागद उतरवायला मी ड्राइव्ह आधी साफ केला आणि तीच टेप पुन्हा लावली. फीत थोडी फिरली आणि थांबली. पुन्हा लावली. पुन्हा तेच. चौथ्यांदा मशीनने टेप बाहेर ढकलली आणि पडद्यावर आलं की ही टेप कोरी आहे.